काना, मात्रा आणि ‘जॉट’

मागील उपवासकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग भरला होता. मार्गदर्शक तरुण होते, व्यासंगी होते आणि मराठीही चांगले बोलत होते. मात्र दर पाच-दहा मिनिटांनी ‘हे जॉट डाउन करा’ असे ते सांगत. आमच्या शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी हळूच विचारले, “जॉट म्हणजे काय हो?” आम्ही म्हटले, “टिपून घ्या म्हणतात.” “मग तसं म्हणावं की!” एवढे बोलून त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि त्या वहीत लिहू लागल्या.

त्या दिवशीचा पाठ मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील होता. घरी परतल्यावर कोश उघडला तेव्हा आमच्या ध्यानात आले की, मार्गदर्शकांच्या तोंडी वारंवार येणारा तो इंग्रजी शब्द त्याच पाठातून जन्माला आला आहे. हे त्यांना ठाऊक नसावे. आम्हांलाही तोवर नव्हते. एका शब्दाची ही कुळकथा वाचकांपुढे मांडावी आणि तिच्या निमित्ताने आपल्या मराठी शब्दांचीही थोडी पारख करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो की, आकाश आणि पृथ्वी नाहीशी होतील, पण नियमशास्त्रातील अगदी लहानसे अक्षर किंवा अक्षराचा एखादा फाटाही पूर्णत्वाला गेल्यावाचून राहणार नाही. मूळ ग्रीक लेखनात येथे दोन शब्द आहेत. पहिला ‘इओटा’, म्हणजे ग्रीक वर्णमालेतील सर्वांत बारीक अक्षर. दुसरा ‘केराइआ’, म्हणजे शब्दशः ‘लहानसे शिंग’, अक्षराला फुटलेले टोक. लॅटिन बायबलात ‘इओटा’ तसाच राहिला. लॅटिन लेखनात ‘आय’ आणि ‘जे’ ही अक्षरे पूर्वी वेगळी मानली जात नसत. त्यामुळे इंग्रजीत येताना ‘इओटा’चा ‘जोटा’ झाला आणि शेवटचा स्वर झिजून ‘जॉट’ उरला. पोर्तुगीज भाषेत तर ‘जे’ या अक्षराचे नावच आजही ‘जोता’ आहे. १५२६ साली विल्यम टिंडेलने केलेल्या इंग्रजी नव्या करारात हा शब्द आढळतो. कॅथलिक विद्वानांनी १५८२ साली रँस येथे सिद्ध केलेल्या भाषांतरात आणि १६११ सालच्या राजमान्य इंग्रजी बायबलातही तो आहे. तेव्हा तो केवळ नाम होता आणि त्याचा अर्थ होता ‘कणभर’. ‘थोडक्यात लिहून ठेवणे’ या अर्थाचे क्रियापद त्यापासून पुढे अठराव्या शतकात रूढ झाले. बारीक अक्षरावरून बारीकसे लेखन, आणि बारीकशा लेखनावरून घाईघाईचे लेखन, असा हा प्रवास दिसतो.

येथे आमचा पहिला आक्षेप नोंदवावासा वाटतो. तो शब्दावर नाही, शब्दाच्या नशिबावर आहे. मूळ वचनात या लहान अक्षराविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत: ते लहान आहे आणि ते टिकणार आहे. इंग्रजीने त्यातील लहानपण उचलले आणि टिकाऊपण सोडून दिले. आज ‘जॉट’ केलेला कागद म्हणजे सायंकाळी केराच्या टोपलीत जाणारा कागद. आकाश आणि पृथ्वीपेक्षा दीर्घायुषी असलेल्या अक्षराचे नाव अशा कागदाला मिळावे, हा भाषेचा विनोदच म्हणायचा!

ग्रीक ‘इओटा’च्या मागे आणखी एक अक्षर उभे आहे. ग्रीकांनी आपली वर्णमाला फिनिशियन लोकांकडून घेतली. त्या सेमिटिक लिपीकुळातील ‘योद’ या अक्षराचा ‘इओटा’ झाला. हिब्रू लिपीत ‘योद’ हे सर्वांत लहान अक्षर आहे, ओळीच्या वरच्या बाजूला टांगलेल्या स्वल्पविरामासारखे. प्रभूच्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे ‘इओटा’ नसून हे ‘योद’च उभे राहिले असणार. यहुदी गुरूंनी या अक्षराची एक गोड कथा सांगितली आहे. देवाने अब्राहामाच्या पत्नीचे नाव ‘साराय’ ऐवजी ‘सारा’ केले, तेव्हा त्या नावातून योद गळाले. ते योद देवाच्या सिंहासनापुढे जाऊन गाऱ्हाणे घालू लागले. मी लहान म्हणून मला काढले ना? अखेर मोशेने आपल्या सेवकाचे नाव ‘होशेय’ बदलून ‘यहोशवा’ केले, तेव्हा त्या योदला नव्या नावात अग्रस्थान मिळाले आणि त्याचे समाधान झाले. शेवटी होते ते आता आरंभी आले.

हे ‘यहोशवा’ नाव पुढे संक्षेपाने ‘येशुआ’ झाले. आपण म्हणतो ‘येशू’. म्हणजे तारणाऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर तेच सर्वांत लहान योद आहे. ग्रीकमध्ये त्याचे नाव ‘इओटा’ने सुरू होते आणि मराठीत योदच्याच उच्चाराच्या ‘य’ने.

दुसरा शब्दही तितकाच अर्थपूर्ण आहे. ‘केराइआ’साठी इंग्रजी बायबलात ‘टिटल’ हा शब्द आला. तो लॅटिन ‘टिट्युलस’पासून निघाला. टिट्युलस म्हणजे मथळा, पाटी. मध्ययुगातील लेखनिक चर्मपत्र आणि वेळ वाचवण्यासाठी शब्द आखडून लिहीत आणि येथे काही अक्षरे गाळली आहेत हे दाखवण्यासाठी वर एक आडवी रेघ ओढत. त्या रेघेलाही ‘टिट्युलस’ म्हणू लागले. ‘सांव जुआंव’ या नावाच्या पोर्तुगीज लेखनात स्वरावर जी नागमोडी रेघ काढतात, ती ‘तिल’, हीसुद्धा याच कुळातील. आणि योहानाच्या शुभवर्तमानात पिलाताने क्रूसावर लावलेल्या, तीन भाषांत लिहिलेल्या पाटीला लॅटिन बायबल हाच शब्द वापरते: टिट्युलस.

आता वाचकांनी आपल्या चर्चमधील वेदी डोळ्यांपुढे आणावी. वेदीच्या वस्त्रावर, पवित्र भाकरीवर, येशूसंघाच्या बोधचिन्हावर ‘आय-एच-एस’ ही तीन अक्षरे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. येशूच्या ग्रीक नावातील ती अक्षरे आहेत आणि त्यांतील पहिले अक्षर म्हणजे इओटा. नाव आखडले म्हणून लेखनिकाने वर संक्षेपाची आडवी रेघ दिली आणि मधल्या अक्षराच्या उभ्या दांडीला ती रेघ छेदून गेली, तेव्हा तेथे क्रूस उभा राहिला. म्हणजे जॉट आणि टिटल, दोन्ही दर रविवारी आपल्यासमोर असतात. लेखनिकाची ती एक घाईची खूण होती. तिला भक्तीचे चिन्ह होण्याचे भाग्य लाभले.

मराठी भाषांतरकारांनी या स्थळी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. ‘योद’ किंवा ‘इओटा’ हे शब्द तसेच ठेवले असते तर आपल्या गावोगावच्या भाविकांना ते निरर्थक वाटले असते. ‘एक अक्षरही’ असे सोपे भाषांतर करता आले असते, पण त्यात लहानपणाचा मुद्दा बुडाला असता. रूढ मराठी भाषांतराने ‘काना’ आणि ‘मात्रा’ हे शब्द योजले. आमच्या मते ही निवड मराठी बायबलातील उत्तम निवडींपैकी एक आहे. काना-मात्रा म्हणताच पाटीपेन्सिल घेऊन बसलेले मूल आठवते. विद्वत्तेचा गंध नसलेल्या माणसालाही कळते की, हे अक्षरही नव्हे, अक्षराच्या अंगावरची खूण आहे. शिवाय हिब्रू लेखनात योद हे कधी ‘य’ व्यंजन असते, तर कधी केवळ ‘इ’ स्वराची खूण म्हणून येते. म्हणजे ते अर्धे आपल्या वेलांटीसारखेच वागते. तेव्हा स्वरचिन्हाचा शब्द योजण्यात आशयाशी प्रतारणा झालेली नाही.

या निवडीत काही गमावलेही आहे, हे टीकाकाराने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. योद हे येशूच्या नावाचे आद्याक्षर असल्याची सूचना मराठीत पोहोचत नाही. ‘मात्रा’ शब्दाला औषधाच्या मात्रेचा आणि छंदातील मात्रेचा वास येतो. तरीही जमेची बाजू जड आहे. ती किती जड आहे, हे मराठी व्याकरणच दाखवून देते.

‘तरणे’ आणि ‘तारणे’ ही दोन क्रियापदे शेजारी ठेवून पाहावीत. जो तरतो तो स्वतः पैलतीराला जातो. जो तारतो तो दुसऱ्याला पैलतीराला नेतो. दोहोंत फरक फक्त एका कान्याचा. आपल्या उपासनेतील ‘तारण’ आणि ‘तारणारा’ हे शब्द त्या कान्यावर उभे आहेत. तो गळाला तर उरते ‘तरण’, म्हणजे पोहणे, आणि तेही ज्याचे त्याने पोहायचे. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा हाच नाही काय की, माणूस स्वतःच्या बळावर तरत नाही, त्याला कोणी तारावे लागते? एवढे मोठे सत्य मराठीने एका उभ्या रेघेत साठवले आहे.

पण हाच काना ‘मरणे’चे ‘मारणे’ करतो. त्याची साक्ष पुणेकरांना इतिहासात शोधावी लागत नाही, बोलण्यातच ती रोज भेटते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी कथा सांगतात. इतिहाससंशोधकांनी या कथेबद्दल शंका घेतल्या आहेत. खून झाला हे निर्विवाद, पण कागदावरील फेरफाराची हकीकत दंतकथेत जमा करावी लागेल. तरीही मराठी भाषेने ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार कायमचा स्वीकारला, त्याला कारण आहे. अक्षर बदलले आणि त्याला एक काना लागला की माणसाचा जीव जातो, ही गोष्ट लोकांना पटली होती. यहुदी गुरूही आपल्या शिष्यांना हेच सांगत. हिब्रूत ‘दालेत’ आणि ‘रेश’ या दोन अक्षरांत फरक आहे तो एका टोकाचा, म्हणजे त्या ‘लहानशा शिंगाचा’. ‘देव एकच आहे’ या वचनातील ‘एक’ या शब्दाचे ते टोक पुसले गेले तर ‘एक’चा ‘दुसरा’ होतो. लेखनिका, जप, तू जगाचा नाश करशील, असा त्यांचा इशारा होता.

या खुनाचा आणि आपल्या पुण्यातील समाजाचा एक दुवा येथे आठवतो. नारायणरावांच्या मृत्यूनंतर १७७४ साली जन्मलेले त्यांचे पुत्र म्हणजे सवाई माधवराव. त्यांच्याच अमदानीत, पेशव्यांच्या चाकरीतील कॅथलिक सैनिकांना प्रार्थनेसाठी नाना पेठेत जागा मिळाली आणि १७९२ साली आजच्या सिटी चर्चचा पाया घातला गेला. एका ‘मारावे’ने बाप हिरावला गेलेल्या पेशव्याच्या राज्यात तारणाऱ्याच्या नावाचे मंदिर उभे राहिले. यात आम्ही कार्यकारणाचा संबंध जोडत नाही. पुण्याच्या भूमीवर मारणारा काना आणि तारणारा काना एकमेकांपासून फार दूर नाहीत, एवढेच म्हणतो.

‘इओटा’विषयी एक लोकप्रिय समजूत मात्र दुरुस्त केली पाहिजे. ३२५ सालच्या नायसीया धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी ‘एकाच तत्त्वाचा’ असल्याचे घोषित केले. त्या घोषणेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. परिषदेनंतरच्या दशकांत काही जणांनी ‘सारख्या तत्त्वाचा’ असा शब्द पुढे केला. या दोन ग्रीक शब्दांत केवळ एका इओटाचे अंतर आहे. त्यामुळे ‘इओटाचाही फरक नाही’ हा इंग्रजी वाक्प्रचार त्या वादातून निघाला, असे प्रवचनांतून ऐकायला मिळते. कथा आकर्षक आहे, पण वाक्प्रचाराचे मूळ मत्तयाच्या पाचव्या अध्यायातच आहे. नायसीयाची आठवण वेगळ्या कारणासाठी ठेवावी. ज्याला कोणी क्षुल्लक रेघ म्हणेल तिच्यासाठी ख्रिस्तसभा कित्येक दशके झगडली, कारण ‘तोच’ आणि ‘त्याच्यासारखा’ यांतील अंतर तिला पुरते कळले होते.

आता पुन्हा आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळू. ‘जॉट डाउन करा’ असे म्हणताना आपण मराठीतील कोणता शब्द बाजूला सारतो? ‘टिपणे’. पाखरू दाणा टिपते. टीपकागद शाई टिपतो. आई पदराने लेकराचे डोळे टिपते. नेमबाज लक्ष्य टिपतो. आणि विद्यार्थी गुरूचे बोलणे टिपतो. या सर्व उपयोगांत घाई नाही, वेध आहे. विखुरलेल्यातून नेमके वेचावे आणि सांडू देऊ नये, हा त्या क्रियापदाचा स्वभाव आहे. ‘टिपण’, ‘टाचण’, ‘नोंद’ हे शब्दही आपापली कामे चोख करतात. टाचण म्हणजे सुटे राहू नये म्हणून जोडून ठेवलेले. इंग्रजी शब्दाने वाटेत जे टिकाऊपण गमावले, ते मराठी शब्दांनी मुळातच जपले आहे. मग ‘टिपून घ्या’ म्हणायला आपल्याला संकोच का वाटावा?

पुणे परिसराला टिपणाची परंपरा काही थोडीथोडकी नाही. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून संताजी जगनाडे यांचे नाव देहू-चाकणच्या परिसरात आदराने घेतले जाते. हात न उचलता सरसर लिहिता यावी अशी मोडी लिपी ही तर घाईच्या लेखनासाठीच रुळलेली. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नसत. तरीही त्या घाईच्या अक्षरांतील कोट्यवधी कागद पेशवे दफ्तरात सांभाळून ठेवलेले आहेत. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृत महाकोशाचे काम आरंभले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले गेले आणि सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि पुढची कित्येक दशके ‘अ’ या एका अक्षरानेच घेतली. चिठ्ठीवरील टिपणाला असा मान देणारे शहर जगात विरळाच.

पुण्यापासून जवळच्या केडगावी पंडिता रमाबाईंनी याहून एकाकी काम केले. ग्रामीण स्त्रियांना समजेल असे बायबल असावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून संपूर्ण मराठी भाषांतर सिद्ध केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, त्यापूर्वी काम पुरे झाले होते. १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. आपला आणि त्यांचा पंथ वेगळा. तथापि योद, इओटा आणि काना या तिन्ही चिन्हांना वर्षानुवर्षे हाताळणारी ही मराठी स्त्री या लेखात आठवली नाही, तर तो आमचा अपराध ठरेल.

आणि आमच्या घरांत काय चालले आहे? आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे आडनाव साळवे. पणजोबांचा स्नानसंस्कार झाला तेव्हा नोंदवहीत रोमन लिपीत नाव लिहिले गेले. रोमन लिपीत आपला काना वेगळा दिसत नाही आणि ‘ळ’ तर नाहीच. लॅटिन जाणणाऱ्याने ते लेखन वाचले तर ‘साल्वे’ होते, म्हणजे ‘साल्वे रेजिना’ या मरियास्तोत्रातील ‘नमस्कार’! पुढे एका कागदावर ‘साल्वे’, दुसऱ्यावर ‘सालवी’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘साळवे’ अशी तीन नावे तयार झाली. नातीला परदेशी शिक्षणासाठी कागद जुळवायची वेळ आली तेव्हा एका कार्यालयाने विचारले, ही तीन माणसे की एक? प्रतिज्ञापत्रे झाली, खेटे झाले, एक वर्ष वाया गेले. अखेर उपयोगी पडली ती पणजीने जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या मागील कोऱ्या पानावर मोडक्या देवनागरीत लिहिलेली यादी. मुलांची नावे, जन्मतिथी, स्नानसंस्काराची चर्चे आणि प्रत्येक नावापुढे आडनाव, काना आणि ‘ळ’ यांसह. कार्यालयाने तो पुरावा मानला की नाही, हा भाग वेगळा. घरच्यांना मात्र आपण कोण, हे त्या पानावरून कळले.

त्या पणजीला कोणी ‘जॉट डाउन करा’ म्हटले नव्हते. तिने टिपले होते.

आमच्या धर्मग्रामांतून आजही कितीतरी वृद्ध मंडळी आहेत. त्यांच्या तोंडी जुनी भजने आहेत, नगर जिल्ह्यातील गावांतून पुण्याला आल्याच्या हकीकती आहेत, कोणाचा स्नानसंस्कार कोणत्या धर्मगुरूंनी केला याच्या खुणा आहेत. त्यांतील बरेचसे कोणत्याही नोंदवहीत नाही. आपण ते ऐकतो, मान डोलावतो आणि विसरतो. या अंकाच्या वाचकांना आमची नम्र विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर एक वही काढावी, आजी-आजोबांजवळ बसावे आणि ते सांगतील ते टिपावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. मात्र नावे लिहिताना काना-मात्रा गाळू नये.

अभ्यासवर्गाच्या शेवटच्या दिवशी आम्ही आजीबाईंची वही पाहायला मागितली. पाठाखाली त्यांनी प्रवचनातला एकच मुद्दा लिहिला होता आणि त्याखाली आपल्या गावाकडच्या चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या एका गीताच्या आठवतील तेवढ्या ओळी. दोन ओळी अपुऱ्या होत्या. “आठवलं की भरीन,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तेवढी जागा कोरी ठेवली होती.